अर्धे आकाश

नागपूरच्या वर्धा मार्गावर छत्रपती चौकाच्या आसपास उभे राहून वर पाहिले, तर डोक्यावर सिमेंट दिसते. जमिनीवर जुना रस्ता, त्याच्यावर उड्डाणपूल आणि उड्डाणपुलाच्याही वर मेट्रोचा मार्ग अशी ही ३.१४ किलोमीटरची दुमजली रचना आहे, आणि कामठी मार्गावर एलआयसी चौकापासून ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत तशीच आणखी ५.६७ किलोमीटरची रचना ऑक्टोबर २०२४ पासून वाहतुकीला खुली आहे. गड्डीगोदामला तर रस्ता, रेल्वे, उड्डाणपूल आणि मेट्रो असे चार थर एकावर एक आले आहेत. या दोन्ही मार्गांवरून माझे नेहमीचे जाणे-येणे असते आणि गाडीतल्या फोनवरचा निळा बाण तिथे काय करतो हे पाहण्याची मला सवयच लागली आहे. मी खालच्या रस्त्यावर असताना तो मला वरच्या पुलावर चढवतो, पुलावर असताना शेजारच्या सर्व्हिस रोडवर उतरवतो, आणि जिथे वळणच नाही तिथे उजवीकडे वळायला सांगतो. समृद्धी महामार्गाने मुंबईकडे जाताना इगतपुरीजवळ जवळपास आठ किलोमीटरचा बोगदा लागतो. तिथे डोक्यावर अख्खा डोंगर असतो, उपग्रहाचा एकही संदेश आत पोहोचत नाही, आणि तरीही हाच बाण बऱ्यापैकी शहाण्यासारखा पुढे सरकत राहतो. डोंगराखाली निभावून नेणारे उपकरण पुलाखाली का अडखळते, हा प्रश्न मला पुष्कळ दिवस छळत होता. त्याचे उत्तर शोधता शोधता मी या विषयात ओढला गेलो.

मुळात हा संदेश किती क्षीण असतो, याची कल्पना आपल्याला नसते. जीपीएसचे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि त्यांचे प्रक्षेपण पंचवीस-पन्नास वॅट एवढ्याच शक्तीचे असते. एवढे अंतर कापून ती लहर सीताबर्डीच्या चौकात उतरते, तेव्हा ती उपकरणाच्या स्वतःच्या विद्युतमंडलातल्या उष्णतेच्या खरखरीपेक्षाही मंद झालेली असते. तरीही ती सापडते, कारण प्रत्येक उपग्रह १,०२३ चिन्हांची एक ठरलेली मालिका दर मिलिसेकंदाला पुन्हा पुन्हा पाठवत असतो आणि ती मालिका उपकरणाला आधीच ठाऊक असते. उपकरण आपल्याजवळची प्रत पुढेमागे सरकवून येणाऱ्या खरखरीशी जुळवून पाहते. जिथे जुळते तिथे मालिकेचे तुकडे एकमेकांत मिळत जाऊन खरखरीतून वर येतात, आणि किती सरकवल्यावर जुळले यावरून लहरीला यायला किती वेळ लागला हे कळते. या वेळेचे गणित फार नाजूक आहे. घड्याळ सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाने चुकले, तर अंतर ३०० मीटरने चुकते. फोनमधले घड्याळ एवढे अचूक नसते, म्हणून स्थानाच्या तीन अज्ञात संख्यांच्या जोडीला घड्याळाची चूक ही चौथी अज्ञात संख्या धरावी लागते, आणि म्हणून किमान चार उपग्रह लागतात.

जीपीएसच्या मुख्य लहरीची वारंवारता १५७५.४२ मेगाहर्ट्झ, म्हणजे तरंगलांबी साधारण १९ सेंटिमीटर. अशी लहर काचेतून, प्लास्टिकमधून, ढगांमधून सहज पार होते. पावसाळ्यात आभाळ भरले की जीपीएस बिघडते, हा आपल्याकडचा समज त्यामुळे खरा नाही. मात्र काँक्रीट, पत्रा, खडक आणि पाण्याने भरलेली कोणतीही वस्तू तिला अडवते. पेंचच्या सागवनात हे चांगले अनुभवता येते. उन्हाळ्यात पाने गळून गेलेली असतात, तेव्हा फोन झाडांखालीही स्थान नेमके दाखवतो. जुलै-ऑगस्टमध्ये तीच झाडे रुंद, ओल्या पानांनी भरली की त्याच पायवाटेवर बाण डगमगू लागतो. गस्तीवरच्या वनरक्षकांच्या फोनमध्ये चाललेल्या वाटेची नोंद होत असते. ती नोंद ऋतूप्रमाणे सरळ किंवा वाकडी उमटते, यात त्यांच्या चालण्याचा काही दोष नसतो.

आता आधी बोगद्याचा विचार करू, कारण तो तुलनेने सोपा आहे. बोगद्यात शिरताच सर्व उपग्रह एकदम तुटतात. उपकरणाजवळ त्या क्षणी तीन गोष्टी शिल्लक असतात: शेवटचे खात्रीचे स्थान, त्या वेळचा वेग आणि दिशा. तिथून पुढे ते स्वतःच्या संवेदकांवर चालते. फोनमध्ये वेगातला बदल मोजणारा त्वरणमापक असतो, वळण मोजणारा जायरोस्कोप असतो. गाडीतच बसवलेल्या यंत्रणेला शिवाय चाकांच्या फेऱ्यांची मोजणीही मिळते. वेग, वेळ आणि दिशा यांच्यावरून पुढचे स्थान काढत जाण्याची ही पद्धत उपग्रहांहून कितीतरी जुनी आहे. होंडा कंपनीने १९८१ मध्ये जपानमध्ये मोटारीसाठी जे दिशादर्शक यंत्र आणले, त्यात उपग्रह नव्हतेच. हेलियम वायूवर चालणारा जायरोस्कोप, चाकांची मोजणी आणि पडद्यावर बसवायचे पारदर्शक नकाशे एवढ्यावर ते चालत असे. सर्वसामान्य मोटारीत उपग्रहांचा उपयोग त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आला. म्हणजे ज्याला आज आपण आणीबाणीची सोय म्हणतो, तेच एके काळी मूळ साधन होते.

या पद्धतीचा शत्रू म्हणजे साचत जाणारी चूक. त्वरणमापकात मीटर प्रतिसेकंद वर्ग या एककात केवळ ०.०१ एवढी कायमची चूक असेल, तर एका मिनिटानंतर स्थान १८ मीटरने चुकते. हे काही फार नाही. पण चूक वेळेच्या वर्गाने वाढते, त्यामुळे सहा मिनिटांनी, म्हणजे ताशी ८० किलोमीटरने आठ किलोमीटरचा बोगदा संपताना, तीच चूक साधारण ६५० मीटर झालेली असते. जायरोस्कोपची दिशा एका अंशाने चुकली, तर दर किलोमीटरला साडेसतरा मीटर बाजूला सरकणे होते. शिवाय हे सूक्ष्म संवेदक तापमानाप्रमाणे बदलतात, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर असताना काचेमागे ठेवलेला फोन किती तापतो, हे नागपूरकराला सांगायला नको. चाकांची मोजणी त्या मानाने भरवशाची असते, कारण तिची चूक वेळेबरोबर न वाढता अंतराबरोबर वाढते. पण तिथेही टायर झिजतो. ३० सेंटिमीटर त्रिज्येच्या चाकाचा टायर ६ मिलिमीटर झिजला, तर प्रत्येक फेरा दोन टक्क्यांनी आखूड होतो, आणि आठ किलोमीटरच्या अंती हिशेब १६० मीटरने चुकतो. म्हणून चांगली यंत्रणा आकाश मोकळे असतानाच आपले संवेदक उपग्रहांशी ताडून ठेवते: आजच्या तापमानाला जायरोस्कोप किती सरकला आहे, आजच्या टायरचा एक फेरा नेमका किती आहे. अंधारात जो हिशेब उपयोगी पडतो, तो उजेडात करून ठेवलेला असतो.

माझे काका सावनेरकडच्या भूमिगत कोळसा खाणींमध्ये सर्व्हेअर होते, आणि या विषयातला एक मोठा धडा मला त्यांच्या कामावरून समजला. खाणीत उपग्रह नाही, सूर्य नाही, आणि लोखंडामुळे होकायंत्रावरही विश्वास ठेवता येत नाही. मग वरची दिशा खाली न्यायची कशी? उभ्या चानकातून, म्हणजे खाणीत उतरणाऱ्या विहिरीसारख्या खड्ड्यातून, दोन तारा खाली सोडायच्या, त्यांना जड ओळंबे बांधायचे आणि ते हलू नयेत म्हणून तेलाच्या डब्यांत बुडवून ठेवायचे. वर त्या दोन तारांमधली रेषा कोणत्या दिशेला आहे हे मोजायचे आणि खाली त्याच रेषेपासून थिओडोलाइट या कोन मोजण्याच्या यंत्राने मोजणी पुढे न्यायची. तारांमधले अंतर जेमतेम तीन मीटर असते. त्यात एक मिलिमीटरचा फरक पडला, तर एक किलोमीटर आत गेल्यावर रेषा ३३ सेंटिमीटर सरकलेली असते. खाणीत मोजणीची स्टेशने जमिनीवर टिकत नाहीत, म्हणून ती छताला ठोकतात आणि पांढऱ्या रंगाने खूण करतात. काका मान वर करून अशी खूण शोधत असत आणि तिला ओळंबा टांगून त्याची टोकदार शेवट यंत्राच्या मध्याशी केसभरही न चुकता जुळवत असत. दुसऱ्या चानकापाशी पोहोचून वरच्या मोजणीशी गाठ पडली की जो फरक निघे, तो लपवायचा नाही, फील्डबुकात लिहायचा आणि मग सर्व स्टेशनांवर वाटून टाकायचा. ते हा फरक लाल शाईने लिहीत. लहानपणी मला ती लाल शाई म्हणजे नापास झाल्याची खूण वाटे. पण त्या आकड्याशिवायच्या नकाशाला ते हात लावत नसत.

ही शिस्त आपल्या भागाला नवी नाही. भारताची त्रिकोणमितीय मोजणी १८०२ मध्ये मद्रासजवळून सुरू करणारे विल्यम लॅम्बटन काम करता करताच १८२३ च्या जानेवारीत आपल्या हिंगणघाटला वारले आणि त्यांची कबर तिथेच आहे. त्यांच्या लोकांनाही अडचण होती ती अडलेल्या दृष्टीची. धुरळा, झाडी आणि उन्हाच्या झळांमुळे एका टेकडीवरून दुसऱ्या टेकडीवरची खूण दिसत नसे. त्यांच्यानंतर आलेल्या जॉर्ज एव्हरेस्ट यांनी रात्री दिवे लावून निरीक्षणे घेण्यावर भर दिला आणि सपाट मुलखात मनोरे बांधले. त्रिकोणांची साखळी लांबवर गेली की ते जमिनीवर पुन्हा एक पायारेषा प्रत्यक्ष मोजून गणिताने आलेल्या लांबीशी ताडून पाहत.

उपकरणाच्या आत हेच काम करणारे गणित रुडॉल्फ कालमन यांनी १९६० मध्ये मांडले, आणि आज ते कालमन फिल्टर या नावाने ओळखले जाते. हे गणित स्थानाचा अंदाज तर ठेवतेच, पण त्याच्या बरोबरीने त्या अंदाजावर किती विश्वास ठेवावा याचाही आकडा ठेवते. बोगद्यात प्रत्येक सेकंदाला अविश्वासाचा हा आकडा थोडा थोडा वाढतो. बाहेर पडताच उपग्रहाकडून ताजे माप आले की फिल्टर विचारतो, माझा अंदाज अधिक खात्रीचा की हे माप? आणि त्या प्रमाणात दोघांना वजन देतो. उपग्रहांच्या कक्षेची माहिती साधारण चार तास टिकते आणि फोनजवळ ती शिल्लक असते, त्यामुळे बोगद्याबाहेर एक-दोन सेकंदांत स्थान पुन्हा पक्के होते; हीच माहिती पहिल्यापासून उपग्रहाकडून उतरवून घ्यायची तर निदान अर्धे मिनिट लागले असते.

नकाशाचीही मोठी मदत होते. बोगद्यात गाडी रस्ता सोडून डोंगरात शिरणार नाही हे उपकरणाला ठाऊक असते, म्हणून बाजूला सरकणारी सर्व चूक नकाशा पुसून टाकतो. पुढे-मागे सरकलेली चूक मात्र सरळ रस्त्यावर तशीच राहते. वळण आले की तीही पकडली जाते: जायरोस्कोपला वळण जाणवले आणि नकाशात ते शंभर मीटर पुढे असले, तर आपण नेमके किती मागे पडलो होतो हे लगेच कळते. वाहनचालकाला कंटाळवाणा वाटणारा वळणांचा रस्ता या यंत्रणेसाठी सोयीचा असतो आणि सरळसोट बोगदा तिची कसोटी पाहतो, ही गोष्ट समजली तेव्हा मला फार आनंद झाला होता.

या सगळ्याचा गाभा असा की बोगद्यात उपकरणाला आपण आंधळे झालो आहोत हे माहीत असते. संदेश नाही, म्हणून संशय वाढवत जायचा, हा नियम पाळणे त्याला सोपे जाते. छत्रपती चौकातला पेच याच्या उलट आहे. तिथे संदेश येतो, पण सरळ येत नाही. पुलाच्या छताने माथ्यावरचे उपग्रह झाकले जातात आणि दोन्ही बाजूंनी, इमारतींच्या वरून, अर्धे आकाश दिसत राहते. त्या अर्ध्या आकाशातून काही लहरी सरळ येतात, काही समोरच्या इमारतीच्या काचेवर किंवा मेट्रोच्या खांबावर आपटून येतात. आपटून आलेली लहर ४० मीटर लांबचा रस्ता घेऊन आली, तर उपकरणाच्या हिशेबी तो उपग्रह ४० मीटर दूर जातो. तिच्यातली मालिका खरी असते, उपग्रहाचे नाव खरे असते, वेळ खरी असते. वाट तेवढी खोटी असते. संशय वाढवावा असे उपकरणाला काही दिसतच नाही, आणि ते ठामपणे चुकते. सिग्नल पूर्ण तुटण्यापेक्षा अर्धवट पोहोचणे अधिक घातक असते, असे माझे मत या चौकात पक्के झाले. विमानांना हल्ली जाणीवपूर्वक खोटे संदेश पाठवून फसवण्याचे प्रकार होतात आणि आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याबाबत सूचना काढल्या. त्यातला धोकाही याच जातीचा आहे.

या फसवणुकीवर काही इलाज आहेत. उपग्रहाची लहर उजवीकडे पीळ घेत येते आणि आपटली की तिचा पीळ बहुधा उलटतो. मोजणीच्या महागड्या अँटेनाला हा फरक कळतो, फोनमधल्या लहानशा अँटेनाला कळत नाही. १,१७६.४५ मेगाहर्ट्झच्या दुसऱ्या लहरीवरची मालिका दहापट वेगाने धावते, त्यामुळे सरळ आलेली आणि उशिरा आलेली लहर वेगळी ओळखणे सोपे जाते. दोन्ही लहरी वापरणारा पहिला फोन २०१८ मध्ये बाजारात आला आणि आता मध्यम किमतीच्या फोनमध्येही ही सोय मिळते. निदान सहा उपग्रह दिसत असतील, तर त्यांना आळीपाळीने वगळून पाहता येते आणि बाकीच्यांशी न जुळणारा बाजूला काढता येतो. अमेरिका, रशिया, युरोप आणि चीन यांचे मिळून आज शंभरावर उपग्रह आहेत, म्हणून हे शक्य होते. नाविक या आपल्या भारतीय दिशादर्शन यंत्रणेचे उपग्रह भारताच्या आकाशात उंचावर राहतील अशा कक्षांमध्ये ठेवलेले आहेत. इतवारी-महालच्या अरुंद गल्ल्यांमध्ये, जिथे बाजूंनी माड्या आणि डोक्यावर आकाशाची चिंचोळी पट्टी असते, तिथे अशा उंच उपग्रहांचा फार उपयोग आहे. पुलाखाली मात्र नेमके तेच झाकले जातात. पहिल्या पिढीच्या नाविक उपग्रहांतली आयात केलेली अणुघड्याळे एकामागून एक बंद पडली. देशी घड्याळ घेऊन २०२३ च्या मे महिन्यात गेलेला एनव्हीएस-०१ यशस्वी झाला, पण जानेवारी २०२५ मध्ये गेलेला एनव्हीएस-०२ ठरलेल्या कक्षेत पोहोचू शकला नाही. या कामाला अधिक गती मिळावी, असे मला मनापासून वाटते.

एवढे होऊनही वर की खाली हा प्रश्न उरतोच. उपग्रहांवरून काढलेली उंची स्वभावतःच आडव्या स्थानापेक्षा ढोबळ असते, कारण सर्व उपग्रह आपल्या वरच्याच बाजूला असतात, पायाखाली एकही नसतो. इथे हवेचा दाब मोजणारा संवेदक कामी येतो. आपल्या झिरो माइलपाशी समुद्रसपाटीपासूनची उंची १०२०.१७१ फूट, म्हणजे सुमारे ३११ मीटर नोंदलेली आहे. या उंचीवर एक मीटर वर चढले की दाब साधारण ०.११ हेक्टोपास्कलने उतरतो. पुलाच्या आठ-नऊ मीटरच्या चढणीला तो जवळपास एक हेक्टोपास्कलने कमी होतो, आणि एवढा फरक या संवेदकाला अगदी स्पष्ट कळतो. अर्थात खिडकी उघडली, पंखा वाढवला किंवा वादळ आले तरी दाब बदलतो. त्यातही असा संवेदक स्वस्त फोनांमध्ये बहुधा नसतोच, आणि डिलिव्हरी करणारी मुले आणि ऑटोवाले तेच फोन वापरतात.

नकाशावर आपल्या बिंदूभोवती जे फिकट निळे वर्तुळ दिसते, ते त्या अविश्वासाच्या आकड्याचेच चित्र आहे. अँड्रॉइडमध्ये त्याचा अर्थ असा की आपण त्या वर्तुळाच्या आत असण्याची शक्यता ६८ टक्के आहे. म्हणजे जवळपास तीनात एकदा आपण त्याच्या बाहेर असू शकतो. बहुतेक ॲपांमध्ये प्रवास सुरू केला की हे वर्तुळ नाहीसे होते आणि रस्त्याच्या बरोबर मध्यावर बसवलेला ठाम बाण तेवढा उरतो. काकांच्या लाल शाईचा आकडाच इथे पुसला जातो, आणि तोही गाडी ताशी पन्नासने धावत असताना. मला ही गोष्ट गैर वाटते. रात्री अनोळखी भागातून रुग्ण आणायला निघालेल्या रुग्णवाहिकेचा चालक पुलावर चढायचे की खालून जायचे हा निर्णय त्या बाणावर घेतो. एकदा वर चढल्यावर पूल संपेपर्यंत त्याला परत फिरता येत नाही.

शिकागोमध्ये वॅकर ड्राइव्ह हा असाच एकावर एक थर असलेला रस्ता आहे. तिथे खालच्या थरात २०१८ मध्ये भिंतींवर आणि खांबांवर बॅटरीवर चालणारे छोटे ब्लूटूथ बीकन लावले गेले. प्रत्येक बीकन आपली ओळख सतत सांगत राहतो आणि जवळून जाणारा फोन त्यावरून आपले स्थान ठरवतो. त्याला आकाश लागत नाही. मेट्रोची गाडीही रुळांमध्ये बसवलेल्या खुणा आणि चाकांची मोजणी यांवरूनच आपण कुठे आहोत हे ओळखते. वर्धा मार्गावर आणि कामठी मार्गावर तर खांब उभेच आहेत, त्यांना क्रमांक आहेत, आणि लोक आताही पत्ता सांगताना मेट्रोच्या पिलरचा नंबर सांगतात. त्या खांबांवर, पुलाच्या पातळीला एक आणि रस्त्याच्या पातळीला एक, असे बीकन बसवले, ते खुले ठेवले आणि त्यांची यादी सर्व नकाशा कंपन्यांना दिली, तर वर की खाली हा प्रश्न स्वस्त फोनवरही सुटेल. सुरुवात गड्डीगोदामपासून करावी, कारण चार थर तिथेच आहेत.